घरात काय उचलता?

"घरात काय उचलता?"

क्लासला आलेल्या नव्या माणसाला तिचा पहिला प्रश्न हा असायचा. वजन किती, वय किती, पोट कधीपासून सुटलं, असलं काही नाही. हात मागं बांधून ती समोरच्याच्या खांद्यांकडं बघत उभी राहायची आणि विचारायची, "घरात काय काय उचलता, ते सांगा की आधी."

लोक गोंधळायचे. तुम्हीही गोंधळला असता. व्यायामाला आलेल्या माणसाच्या तोंडात भलतंच काही तयार असतं: वजन कमी करायचंय, घरात लग्न आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. मीही गोंधळलो होतो. "मी काय उचलणार? सकाळी पेपर उचलतो," म्हणालो. नको तिथं विनोद करायचा हा माझा जुना स्वभाव आहे. ती हसली नाही. गच्चीच्या कठड्यावरून खाली आमच्या खिडकीकडं बोट दाखवून म्हणाली, "आन् काकू?"

सगळे तिला अक्का म्हणत. वयानं ती माझ्या मुलीएवढी, तरी मीही अक्काच म्हणायचो. सोलापुरातला आमचा हा भाग तेलुगू विणकरांचा. इथं अक्का म्हटलं की थोरली बहीण, शेजारीण, भाजीवाली, कुणीही ओ देतं. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावानं मी तिला कधी हाक मारली नाही. ते इथं लिहिलं तर दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय असं मला वाटेल.

आता काकूंचं सांगतो. आमची सौ. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. संधिवातानं आधी तिचे गुडघे धरले, मग बोटं. तिला खुर्चीतून उठवायचं, मोरीपर्यंत न्यायचं, परत आणून बसवायचं, हे माझं काम. मी आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कचेरीत बसून काढलेलं. निवृत्तीनंतर आणखी बसायचं एवढाच माझा बेत होता. एके दिवशी तिला उठवताना माझ्या कमरेत अशी उसण भरली की आम्ही दोघंही मोरीच्या दारात फरशीवर बसून राहिलो. "आता आपल्याला कोण उठवायचं हो?" असं म्हणून ती हसायला लागली. मला मात्र रडू येत होतं. तिनं खिडकीकडं तोंड करून हाक मारली आणि शेजारची अक्का आली. तिनं आधी सौ.ला उठवलं, मग मला. उठवताना तिच्या तोंडातून हुं की चूं निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.नं मला गच्चीवर पिटाळलं.

गच्ची आमचीच, क्लास तिचा. बाया सगळ्या, पुरुष मी एकटा. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभा राहिलो. अक्का म्हणाली, "काका, टाकीला काय होत न्हाय, ती पडत न्हाय. तुमी हिकडं या."

हा क्लास आमच्या गच्चीवर कसा आला, त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. हे सगळं तिनं मला एका बैठकीत सांगितलेलं नाही. ती बसायचीच कुठं? जिन्यात, दारात, दोन कामांच्या मधे जे कानावर पडलं ते मी जोडून सांगतोय.

आधी ती एका जिममध्ये बायकांच्या बॅचला नाच शिकवायची. मोठ्यानं गाणी लावायची, पुढं उभं राहून नाचायचं, चेहऱ्यावर हसू ठेवायचं. घसा कायम बसलेला. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. त्यांना ती नायना म्हणायची. आई लवकर गेली. भाऊ भिवंडीला, तोही मागावरच. आपल्याला नाचता येतं आणि त्यावर घर चालतं, एवढ्यावर ती खूश होती.

मग नायनांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. शब्द दोनच उरले. ते कुठले, हे पुढं येईलच.

डॉक्टरांनी तिला सांगितलं, "यांना आडवं ठेवू नका. आडवा राहिला की असा माणूस संपतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. रोज उठवून बसवा." एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सांगायला किती वेळ लागतो?

अक्कानं ते मनावर घेतलं. नायना अंथरुणाला खिळणार नाहीत, रोज सकाळी दारात खुर्चीवर बसतील, असं तिनं ठरवलं. त्यातही वेळ ठरलेली. मागच्या बोळातले माग सुरू झाले की नायना जागे व्हायचे आणि डाव्या हातातल्या स्टीलच्या पेल्यानं खाटेची कड वाजवायला लागायचे. आयुष्यभर त्या वेळेला ते मागापुढं उभे असायचे. आता उभं राहता येत नव्हतं, निदान माग चालू झालेले दारात बसून ऐकायचे होते.

पहिल्या दिवशी तिनं त्यांना दोन्ही दंडांना धरून ओढलं, कसंबसं उभं केलं आणि खुर्चीत अक्षरशः टाकलं. खुर्ची मागं सरकून भिंतीवर आपटली. नायनांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "मेल्लगा, बिड्डा."

मेल्लगा म्हणजे हळू. बिड्डा म्हणजे पोरी. हेच ते दोन शब्द.

"मागाच्या खटखटीत झोपणारा मानूस," ती मला एकदा म्हणाली, "पन त्या दिवशी घाबरला, काका. माझ्या हातात असताना घाबरला."

आठवड्याभरात तिची पाठ धरली. जिममध्ये नाचताना वाकता येईना. हसू चेहऱ्यावर होतंच, पण ते कुठून आणत होती तिलाच ठाऊक. त्याच जिममध्ये बायकांच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून दाराशी एक लोखंडी गोळा ठेवलेला असायचा, वर कडी असलेला. मालकानं डंबेल्स मागवले होते आणि खोक्यातून हे गोळे निघाले. काही दिवस कुणी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. जुन्या कुलपासारखे दिसतात म्हणून पोरं त्यांना कुलूप म्हणायला लागली. एक दाराला लागलं, एक पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर गेलं, बाकीची जिन्याखाली.

एके दिवशी दार बंद करायचं म्हणून तिनं ते कुलूप उचलायला हात घातला आणि पाठीतून कळ आली. तिथंच खाली बसली. तिला राग आला. आता दारही लावता येत नाही? याला म्हणतात तरी काय, म्हणून तिनं मोबाइलवर शोधलं. केटलबेल. एक म्हातारी बाई ते दोन पायांमधून झुलवून वर नेत होती आणि परत खाली आणत होती. बाईची पाठ सरळ होती, हात नुसते दोरीसारखे. वाकत होती ती खुब्यातून. अक्का जिन्यात बसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"काका, म्हातारी ते वजन हातानं उचलतच नव्हती. आन् मी नायनाला हातानं उचलायला बघत होते!"

मालकाला विचारून तिनं दाराचं कुलूप घरी नेलं. स्कूटरवर पायाशी ठेवून निघाली, तर चौकात ट्रॅफिक पोलिसानं अडवलं. "काय हाय ते?"

"कुलूप."

"कुठल्या किल्ल्याचं?"

हे सांगताना ती हसायची. ती हसत असे तेव्हा पुढच्या दातांतली फट दिसायची आणि ती फार लहान वाटायची. असं क्वचितच व्हायचं.

पुढचे काही महिने तिनं काय केलं ते लक्ष देऊन ऐका, कारण तिचं सगळं शिकवणं त्यातून आलं. नायनांना खाटेवरून खुर्चीत आणण्याचे तिनं तुकडे पाडले. आडव्याला बसतं करायचं, हा एक. बसलेल्याला उभं करायचं, हा दुसरा. उभ्याला वळवायचं. आणि खाली बसवायचं. एकेका तुकड्यासाठी कुलपाचा एकेक व्यायाम शोधला, नाही सापडला तिथं स्वतः बसवला. आधी लोखंडावर करून बघायचं, मग नायनांवर. त्यांच्या कमरेभोवती ती एक चादर घडी घालून गुंडाळायची, तिची दोन टोकं आपल्या मुठीत. त्यांच्या अधू गुडघ्याला आपला गुडघा लावायचा, त्यांची छाती आपल्या छातीशी घ्यायची आणि खुब्यातून उठायचं. चादर नायनांनीच विणलेली होती, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची. रंग विटला होता, पण वीण कुठं उसवली नव्हती.

जिममधल्या बायकांना तिनं हे शिकवायला घेतलं. गाणी बंद केली. बायका म्हणाल्या, "गाणी लावा की! हे काय वखारीतलं काम?" एकेक करून त्या गळाल्या. मालकानं गोड बोलून निरोप दिला आणि जिन्याखालची कुलपंही देऊन टाकली, त्याला ती अडचणच होती. तेव्हा ती आमच्याकडं आली. तिचं घर पत्र्याचं, आमची गच्ची तिच्या दाराला लागून. वरून नायनांचा पेला ऐकू येईल, म्हणून तिला तीच पाहिजे होती.

सौ.नं होकार दिला आणि अट घातली, "माझ्या डोक्यावर धडाधडा लोखंड आपटलंस तर मी ओरडेन हो. उठता येत नाही, पण ओरडता येतं मला."

अट घालायची गरज नव्हती. त्या गच्चीवर वजन उचललं की बघायला अक्का नसायचीच. ठेवताना यायची. जवळ उकिडवी बसून कान फरशीकडं करायची. जरा टक् झालं की म्हणायची, "परत. मेल्लगा. उचलायला सगळ्यांना येतंय, घाई असती ना. ठेवताना मानूस कंटाळतो आन् सोडून देतो. आवाज नको." मला वाटायचं, ही सौ.साठी एवढी काळजी घेते. तो ‘मेल्लगा’ कुठून आला, हे मला नंतर कळलं.

मग आल्या एकेक बाया. मैंदर्गीहून लग्न होऊन इकडं आलेली एक दूधवाली होती, मराठीत बोलता बोलता कानडीत शिरायची. "घरात काय उचलता?" विचारल्यावर म्हणाली, "यव्वा! काय न्हाय उचलत ते इचारा की. दुधाचे कॅन, पेंडीचं पोतं, सासरा प्याला की त्यालाबी." तिला अक्कानं एका हातात कुलूप घेऊन नुसतं चालायला लावलं, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांदा न पाडता. एवढंच, महिनाभर. बाई वैतागली, पण गाडीवरून कॅन उतरवताना ओरडायची ती थांबली.

एक विड्या वळणारी होती. हळू आवाजात म्हणाली, "मी काय उचलत न्हाय, अक्का. दिवसभर सुपात मान घालून बसते."

"मग उठताना?"

"उठताना भिंत धरते."

"म्हंजे स्वतःला उचलता. लई वजन झालं की ते." आणि तिला जमिनीवर आडवी झोपवून, हात वर धरून, भिंतीशिवाय उठायला शिकवलं. आधी रिकाम्या हातानं, पुढं हातात छोटं कुलूप धरून. ज्या दिवशी ती तसं उठली, त्या दिवशी आपल्याच पायांकडं बघत उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का म्हणाली, "टाळ्या नंतर. आता तसंच खाली जा."

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि कधी येईल त्याचा भरवसा नसतो. बोळात "पाणी आलं गं!" अशी आरोळी उठली की क्लासमधल्या बाया जिन्याकडं पळायच्या. सुरुवातीला अक्का कपाळाला हात लावायची. पुढं तिनं वेळापत्रकच नळावर टांगलं. पाण्याच्या दिवशी क्लासला सुट्टी आणि आदल्या दिवशी हलकं. "आज हंडे हायत, आज तुमचाच क्लास," म्हणायची आणि स्वतः खाली उभी राहून हंडे उचलणाऱ्या बायांना ओरडत राहायची, "मावशी, कंबर न्हाय, खुबा! खुबा!" पाणी भरणारी अख्खी गल्ली खुब्यातून वाकायला लागली. नवख्या माणसाला तो काही धार्मिक प्रकार वाटला असता.

क्लासच्या मधेच खालून पेल्याची टकटक यायची. अक्का हातातलं ठेवून जिना उतरायची. आम्ही आहोत तसे थांबायचो. कठड्यावरून मला तिचं दार दिसायचं. थोड्या वेळानं नायना खुर्चीसकट दारात प्रकट व्हायचे, केस विंचरलेले, मांडीवर चादर. डाव्या हातानं मला नमस्कार करायचे. मग ती वर यायची आणि म्हणायची, "हां, कुठं होतो?"

नुसतं नायनांना उठवायचंच नव्हतं. स्वयंपाक, कपडे, संध्याकाळी आणखी दोन ठिकाणी शिकवायला जाणं, रात्री त्यांची कूस बदलणं. डोळ्यांखाली काळं कायम. मी एकदा विचारलं, "अक्का, दमत नाहीस का गं तू?"

"दमते की, काका. पन दमायला बसायला लागतंय. आन् घरात खुर्ची एकच हाय."

मी तेव्हा हसलो होतो.

भिवंडीहून भावाचे फोन यायचे. तो वाईट नव्हता, लांब होता. "किती दिवस करशील? आडवं राहू दे त्यांना. तुझीच पाठ जायची." ती फोन कानाला लावून नायनांकडं बघत नुसतं हूं हूं करायची. तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. ती पस्तिशीची झाली होती, लग्नाचं कुणी काढत नव्हतं, आणि नायना अजून किती वर्षं काढतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. ते लवकर जावेत असं कुणी मनातही आणत नव्हतं. पण ती थकावी आणि आपण बघत राहावं, हेही आम्हाला जड जायचं. सौ. म्हणायची, "तिची पाठ आधी जाते की म्हातारा, एवढंच बघायचं राहिलंय." बोलणं कडू होतं. म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी असायचं.

एकदा पुण्याला परीक्षा होती, केटलबेल शिकवायच्या प्रमाणपत्राची. पहाटे जायचं, रात्री यायचं. ती जायलाच तयार नव्हती. मी म्हटलं, "मी बसवतो नायनांना." तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. आधी गच्चीवर मला सराव दिला, मग तिच्यासमोर एकदा नायनांवर. आमच्या कचेरीत बढतीची परीक्षा याहून सोपी होती.

त्या सकाळी पेला वाजला. मी गेलो. सौ. आमच्या खिडकीशी खुर्चीत बसून सूचना देत होती. "गुडघ्याला गुडघा लावला का? पाठ सरळ ठेवा हो! कचेरीतल्यासारखे वाकू नका!" मी चादर गुंडाळली, टोकं धरली, नायनांची छाती माझ्या छातीशी आली. दाढीचे पांढरे खुंट माझ्या गालाला लागले. तुम्ही कधी मोठ्या माणसाला असं छातीशी धरलंय का? आपल्या वडिलांनाही आपण धरत नाही. ते पूर्ण माझ्यावर रेलले होते. मी उठलो, वळलो आणि खाली जाताना त्यांनी माझ्या कानात म्हटलं, "मेल्लगा." मी हळूहळू, हळूहळू बसवलं. खुर्ची वाजली नाही. घामानं माझा सदरा भिजला होता. नायनांनी डाव्या हातानं माझ्या दंडावर थोपटलं.

रात्री ती स्टँडवरून तशीच आमच्या दारात आली. पास झाली का, हे मी विचारायच्या आत तिनं विचारलं, "बसवलं का नायनाला? आवाज झाला का?"

पास झाली होती. ते सौ.ला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या उन्हाळ्यात सोलापूर नेहमीसारखंच भाजत होतं, पहाटेसुद्धा गच्चीची फरशी कोमट. एका सकाळी पेला वाजला, अक्का खाली गेली, नायना दारात येऊन बसले. मला नमस्कार केला. ती वर आली, "कुठं होतो?" म्हणाली, आणि क्लास पुढं चालू झाला. क्लास संपवून ती खाली गेली तेव्हा नायना खुर्चीत तसेच बसलेले होते, मान थोडी बोळाच्या बाजूला. माग चालू होते. मी कठड्याशी होतो. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग वर माझ्याकडं बघितलं. मला ते बघणं अजून पुसता आलेलं नाही.

लोक जमले. त्यांना खाली निजवायचं होतं. चार धडधाकट पुरुष पुढं झाले. एकानं बगलेत हात घातले, दोघांनी पाय धरले, पोतं उचलतात तसं. अक्का आतून आली.

"थांबा."

ते थांबले. कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, "पोरी, तू बाजूला बस. हे बायकांचं काम न्हाय."

"रोज माझंच हाय," ती म्हणाली.

तिनं मांडीवरची चादर घेतली, घडी घातली, कमरेभोवती फिरवली. गुडघ्याला गुडघा लावला. मेलेला माणूस जड होतो म्हणतात, ते खरं असावं. कधी नव्हे तो तिच्या तोंडातून हुंकार निघाला. ती उठली, वळली आणि त्यांना घेऊन खाली जात राहिली, पार जमिनीपर्यंत. एक हात त्यांच्या डोक्यामागं होता. "मेल्लगा, नायना," असं ती अगदी हलक्या आवाजात म्हणत होती, "मेल्लगा, मेल्लगा." चटईवर टेकताना काहीसुद्धा वाजलं नाही. दूधवाली तोंडात पदर कोंबून रडत होती. मीही रडलो, त्याचं काय लपवायचं?

दहावं-बारावं झालं, भाऊ परत गेला, क्लास सुरू झाला. पहिल्याच दिवशी मागच्या बोळात माग लागले आणि अक्का हातातलं कुलूप ठेवून जिना उतरून खाली गेली. पेला वाजला नव्हता. आम्ही सगळे आहोत तसे थांबलो, नेहमीसारखे. थोड्या वेळानं ती वर आली, तोंड धुतलेलं. "हां, कुठं होतो?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ती जायची तेवढा वेळ आम्ही थांबायचो, तेही व्यायामातलंच धरून चाललो.

एका सकाळी ती वर आलीच नाही. बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाली गेलो. दार उघडं होतं आणि ती नायनांच्या खुर्चीत बसली होती. तिला खुर्चीत बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही तळहात मांडीवर उताणे, घट्टे पडलेले.

"बरं नाही का, अक्का?"

"बरं हाय की." ती हातांकडंच बघत होती. "काका, एवढी ताकद कमवली. आता ती कुठं ठेवू?"

मी म्हणालो, "चहा घेतेस का?" ती हो म्हणाली. आम्ही चहा घेतला. वर बाया आपापलं वजन ठेवून, जिना उतरून, आपापल्या कामाला गेल्या.

पावसाळ्यानंतर पुण्याच्या एका मोठ्या जिमनं तिला बोलावून घेतलं. तिथं लोकांना व्यायाम आखून द्यायचे, एवढंच काम. जायच्या आदल्या दिवशी ती आली, सौ.च्या पाया पडली आणि पिशवीतून ती निळी-पांढरी चादर काढून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "अगं, नायनांची आहे. तुझ्याजवळ ठेव."

"मी एकटीच हाय तितं. मला काय करायची? हितं काकू हायत."

आता ती कधीमधी फोन करते. म्हणते, जागा थंड आहे, आरसेच आरसे आहेत, लोक चांगले आहेत. तिथंही ती नव्या माणसाला तेच विचारते. लोक हसतात आणि म्हणतात, "लॅपटॉप."

"मग काय शिकवतेस त्यांना?"

"ठेवायला शिकवते," ती म्हणते. आवाज दमलेला असतो. बसायला आता खुर्ची आहे का, हे विचारायचं दर वेळी माझ्या मनात येतं आणि राहून जातं.

गच्ची रिकामी आहे. बाया पाण्याच्या दिवशी बोळात भेटतात आणि अजून खुब्यातून वाकतात. मागच्या बोळातले माग सकाळी लागतात. तेव्हाच सौ. जागी होते. मी चादरीची घडी घालतो, तिच्या कमरेभोवती फिरवतो, टोकं मुठीत धरतो, गुडघ्याला गुडघा लावतो. पूर्वी ती रोज काहीतरी टोमणा मारायची, पोतं उचलताय का म्हणायची. आता ते थांबलंय. उठते, वळते, माझ्यावर सगळा भार टाकते, आणि खुर्चीत खाली जाताना माझ्या कानाशी म्हणते, "मेल्लगा हो."